नवा डॅक घेतल्यावर कानाला नेमकं काय वेगळं ऐकू येतं?

मनासारखा हेडफोन मिळाला, गाण्यांच्या लॉसलेस, म्हणजे काहीही न गाळता साठवलेल्या फाइली जमल्या, की पुढचा विचार हमखास टेबलावरच्या छोट्या पेटीकडे, म्हणजे फाइलीतले आकडे आवाजात उतरवणाऱ्या डॅककडे वळतो. याहून चांगला डॅक घेतला तर? वाद्यं आणखी सुटी ऐकू येतील का? खर्ज भरीव होईल का? आजवर दडून राहिलेलं काही कानावर पडेल का? या प्रश्नांपायी मी बरीच वर्षं बऱ्याच पेट्या ऐकल्या, मोजल्या आणि परतही केल्या. त्यातून एक गोष्ट पक्की कळली. डॅक बदलल्यावर जो फरक खरोखर ऐकू येतो, तो बहुतेक वेळा डॅकमुळे नसतोच. तो येतो त्याच पेटीत डॅकच्या शेजारी बसलेल्या दुसऱ्या भागांमुळे. ते भाग कोणते हे समजलं, तर पैसा योग्य जागी लागतो.

आधी डॅक काय करतो ते पाहू. संगणकात गाणं आकड्यांच्या रूपात असतं. सीडीच्या दर्जाच्या फाइलमध्ये ध्वनिलहरीची उंची दर सेकंदाला ४४,१०० वेळा मोजून लिहिलेली असते, डाव्या आणि उजव्या कानासाठी वेगवेगळी. हेडफोनच्या पडद्याला मात्र आकडे कळत नाहीत. त्याला सतत वरखाली होणारं व्होल्टेज लागतं. आकड्यांवरून ते व्होल्टेज तयार करणारा भाग म्हणजे डिजिटल-टू-अ‍ॅनालॉग कन्व्हर्टर, थोडक्यात डॅक. तो फोनमध्ये असतो, लॅपटॉपमध्ये असतो, मदरबोर्डवर असतो, फोनला हेडफोन जोडायच्या बोटभर लांबीच्या डोंगलमध्येही असतो. म्हणजे आवाज ऐकू येतोय याचा अर्थ तुमच्याकडे एक डॅक आधीच आहे. प्रश्न एवढाच, की तो कुठे कमी पडतोय का.

पायऱ्यांचं फसवं चित्र

जाहिरातीत एक चित्र नेहमी दिसतं. मूळ लहर गुळगुळीत, आणि तिच्यावर डिजिटल लहर म्हणून जिन्यासारख्या पायऱ्या. सॅम्पल रेट, म्हणजे दर सेकंदाच्या मोजमापांची संख्या, जास्त घेतली की पायऱ्या बारीक होतात आणि आवाज ‘मूळच्या जवळ’ जातो, असं ते चित्र सुचवतं. हे चित्र चुकीचं आहे. पहिल्यांदा पाहिल्यावर ते पटतं, म्हणूनच ते इतकी वर्षं टिकलंय.

शाळेतली भूमिती आठवा. दोन बिंदू दिले की त्यांच्यातून एकच सरळ रेषा जाते. एका रेषेत नसलेले तीन बिंदू दिले की त्यांच्यातून एकच वर्तुळ जातं. रेषेवरचे बाकीचे असंख्य बिंदू कुणी लिहून ठेवलेले नसतात, तरी रेषा अचूक काढता येते, कारण ती सरळ आहे ही अट आपल्याला माहीत असते. ध्वनीचंही तसंच आहे. लहरीत सॅम्पल रेटच्या निम्म्याहून वरची कंपनं नाहीत एवढी अट पाळली, तर मोजलेल्या बिंदूंमधून जाणारी लहर एकच असते, दुसरी असूच शकत नाही. हॅरी नायक्विस्ट यांनी १९२८ मध्ये या विचाराचा पाया घातला आणि क्लॉड शॅनन यांनी १९४९ मध्ये तो सिद्धतेसह मांडला. ४४,१०० चं निम्मं म्हणजे २२,०५० हर्ट्झ. तरुण, निरोगी कानाची मर्यादा साधारण २०,००० हर्ट्झपर्यंत असते आणि वयाबरोबर ती खाली येत जाते. ऐकू येण्याजोगं सगळं त्या बिंदूंमध्ये आलेलं असतं. डॅकमधला फिल्टर त्यांच्यातून ती एकमेव लहर पुन्हा उभी करतो. बाहेर पडणाऱ्या तारेवर ऑसिलोस्कोप, म्हणजे व्होल्टेजचा आलेख दाखवणारं यंत्र, लावला तर चांगल्या डॅकची लहर गुळगुळीत दिसते, जिना दिसत नाही.

आता बिट. प्रत्येक मोजमाप किती बारकाईने लिहायचं, ते बिट ठरवतात. १६ बिट म्हणजे उंचीच्या ६५,५३६ पातळ्या. खरी उंची दोन पातळ्यांच्या मध्ये पडली तर ती जवळच्या पातळीवर ढकलावी लागते आणि त्यातून थोडी चूक होते. ही चूक कानाला अतिशय मंद खरखरीसारखी ऐकू येते. म्हणून जास्त बिट घेतले तर मिळते ती जास्त शांत पार्श्वभूमी, जास्त गुळगुळीत सूर नव्हे. १६ बिटांत सर्वांत मोठा आवाज आणि ही खरखर यांच्यात सुमारे ९६ डेसिबलचं अंतर असतं. २४ बिटांत कागदावर १४४ डेसिबल मिळतात, पण एवढं शांत यंत्र कुणालाच बनवता आलेलं नाही, कारण साध्या रेझिस्टरमधले, म्हणजे विजेला अडवणाऱ्या छोट्या भागातले इलेक्ट्रॉनही उष्णतेमुळे थरथरत असतात आणि तो गोंगाट २४ बिटांच्या तळाच्या वर राहतो. आजचे उत्तमोत्तम डॅक २० ते २१ बिटांच्या आसपास थांबतात. तेही कानाच्या गरजेहून पुष्कळ पुढे आहे.

चिपचं नाव आणि एक आग

डॅक घेताना लोक आधी आतली चिप विचारतात. ईएसएसची की एकेएमची की सिरस लॉजिकची? या तिन्ही डॅकच्या चिप बनवणाऱ्या कंपन्या. अमुक चिपचा आवाज ‘उबदार’, तमुक चिपचा ‘धारदार’ असं ठामपणे सांगितलं जातं. ऑक्टोबर २०२० मध्ये जपानमधल्या नोबेओका इथल्या एकेएमच्या कारखान्याला मोठी आग लागली आणि चिपचा पुरवठा तुटला. अनेक कंपन्यांना आपली यंत्रं दुसऱ्या कंपनीच्या चिपभोवती नव्याने आखावी लागली. चिपच आवाज ठरवत असती, तर त्या यंत्रांचा स्वभाव पार पालटायला हवा होता. मी जी मोजमापं पाहिली त्यांत चांगली आखलेली यंत्रं चिप बदलूनही ऐकण्याच्या पातळीवर सारखीच राहिली.

याच्या उलट, चिप तीच पण आखणी कच्ची, असंही होतं. ईएसएसच्या चिपांभोवतीचं सर्किट नीट जमलं नाही, तर मध्यम पातळीच्या आवाजावर विकृती, म्हणजे मूळ लहरीत नसलेली भर, एकदम वर चढते. मोजमापाच्या आलेखावर तो उंचवटा स्पष्ट दिसतो. एका कंपनीच्या यंत्रात तो असतो, दुसरीच्या यंत्रात तीच चिप असून नसतो. वीजपुरवठा कसा आहे, चिपनंतरचे ऑप-अ‍ॅम्प (सिग्नल वाढवणाऱ्या छोट्या चिप) कसे बसवले आहेत, सर्किट बोर्डावरची जमीन, म्हणजे ग्राउंडची जोडणी, कशी आखली आहे, यावर सगळं ठरतं. चिपचं नाव पाहून डॅक निवडणं म्हणजे विटांचा ब्रँड पाहून घर निवडणं.

रेझिस्टरच्या शिडीवर चालणाऱ्या आर-टू-आर डॅकचं आकर्षण वेगळंच आहे. त्यात प्रत्येक बिटासाठी एक फांदी असते आणि सगळ्यात वरच्या फांदीचा रेझिस्टर १६ बिटांसाठी ०.००१५ टक्क्यांच्या आसपास अचूक लागतो. हे अवघड आणि महाग काम आहे. म्हणूनच बहुतेक उद्योग डेल्टा-सिग्मा पद्धतीकडे गेला. तिच्यात थोड्याच पातळ्या अतिशय वेगाने बदलल्या जातात आणि त्यातून होणारा गोंगाट कानाच्या मर्यादेपलीकडच्या कंपनसंख्यांवर ढकलला जातो. वेगाने काम करून बिटांची उणीव भरून काढायची ही कल्पना नवी नाही. १९८२ मध्ये आलेल्या फिलिप्सच्या पहिल्या सीडी प्लेअरमध्ये १४ बिटांचाच डॅक होता, तो चौपट वेगाने चालवून १६ बिटांच्या तोडीचं काम करून घेतलं होतं.

डॅक असा मूळ सॅम्पल रेटच्या कित्येक पट वेगाने चालवणं म्हणजे ओव्हरसॅम्पलिंग. काही आर-टू-आर यंत्रं ते टाळतात. तिथे फरक खरंच ऐकू येऊ शकतो, आणि त्याचं कारण साधं गणित आहे. सीडीच्या फाइलवर अशा यंत्रातून १०,००० हर्ट्झला पाऊण डेसिबल, तर २०,००० हर्ट्झला तीन डेसिबलहून थोडा जास्त उतार मिळतो. वरचे सूर किंचित मऊ होतात. कुणाला ते आवडलं तर त्यात काही गैर नाही. पण तोच मऊपणा इक्वलायझरमध्ये दोन मिनिटांत मिळतो, तोही हवा तेवढाच.

पेटीतला खरा कामकरी

टेबलावरच्या पेटीला आपण डॅक म्हणतो, पण हेडफोन थेट तिच्यात लागत असेल तर आत हेडफोन अ‍ॅम्पही, म्हणजे हेडफोनला पुरेल एवढी ताकद देणारा भागही, असतो. मी म्हणतो ते फरक बहुतेक इथे राहतात, म्हणून इथे थोडं थांबू.

पहिली गोष्ट व्होल्टेजची. सेनहायझर एचडी ६०० हा ३०० ओहमचा हेडफोन १९९७ पासून वापरात आहे. (ओहम हे विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप.) त्याला १ व्होल्ट दिला की तो सुमारे ९७ डेसिबल आवाज देतो. साधा डोंगल जास्तीत जास्त १ व्होल्टच्या आसपास देतो. आता ज्या संगीतात हळू आणि मोठ्या भागांत खूप अंतर असतं, त्यात सरासरी आवाज शिखरांच्या २० डेसिबल खाली असतो. म्हणजे डोंगल पूर्ण उघडूनही सरासरी ७७ डेसिबलच मिळतात. अनेकांना ते पुरतं, कुणाला अपुरं वाटतं. शिखरं ११० डेसिबलपर्यंत जायची असतील तर साडेचार व्होल्ट लागतात. शक्तीच्या भाषेत ते ७० मिलिवॉटही नाहीत. म्हणून पेटीवर लिहिलेले हजारो मिलिवॉट पाहून भुलू नये. ३०० ओहमला किती व्होल्ट मिळतात ते पाहावं, आणि कमी ओहमच्या, कमी संवेदनशील प्लॅनर (सपाट पातळ पडद्याच्या) हेडफोनसाठी करंट किती मिळतो ते पाहावं.

दुसरी गोष्ट नेमकी उलटी. कानात घालायचे काही इअरफोन इतके संवेदनशील असतात, की १ व्होल्टला १२० डेसिबल किंवा त्याहूनही जास्त देतात. अशा इअरफोनला १० मायक्रोव्होल्ट गोंगाट असलेली पेटी जोडली, तर २० डेसिबलचा सूऽऽ असा आवाज सतत येत राहतो. शांत खोलीत, दोन गाण्यांच्या मध्ये, तो ऐकू येतो. तीच पेटी एचडी ६०० ला जोडली तर तो गोंगाट ऐकण्याच्या मर्यादेखाली जातो आणि पेटी निर्दोष वाटते. एकाच यंत्राबद्दल दोन प्रामाणिक माणसं परस्परविरोधी मतं देतात, ती अशी. दोघांचेही कान खरं सांगत असतात, फक्त हेडफोन वेगळे असतात.

तिसरी गोष्ट आउटपुट इम्पिडन्स, म्हणजे पेटीच्या बाहेर पडणाऱ्या विजेला पेटीतच होणारा अडथळा. तिच्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं आणि ती कानाला सगळ्यात जास्त जाणवते. हेडफोनचा इम्पिडन्स एकच आकडा म्हणून छापलेला असतो, पण बऱ्याच हेडफोनांत तो सुरागणिक बदलतो. समजा एक हेडफोन मधल्या सुरांवर ३२ ओहमचा आहे आणि खर्जात एका जागी ६४ ओहमपर्यंत चढतो. पेटीचा स्वतःचा इम्पिडन्स १०० ओहम असेल, तर व्होल्टेजची वाटणी बदलते आणि तिथला खर्ज ४ डेसिबलने फुगतो. पेटीचा इम्पिडन्स १ ओहम असेल तर हाच फरक सुमारे ०.१ डेसिबल. चार डेसिबल कुणालाही ऐकू येतात. जुन्या मदरबोर्डच्या जॅकवरून चांगल्या पेटीवर गेल्यावर ‘खर्ज आवरला गेला, आवाज स्वच्छ झाला’ असं वाटतं, त्यामागे बरेचदा हे असतं. श्रेय मात्र डॅकला मिळतं. साधा नियम असा, की पेटीचा इम्पिडन्स हेडफोनच्या एक अष्टमांशाहून कमी असावा.

माउस हलवला की चिरचिर

संगणकाला जोडलेल्या पेटीतून घुमणारा घुंऽऽ आवाज, किंवा माउस हलवताना, ग्राफिक्स कार्डावर भार येताना ऐकू येणारी चिरचिर, ही तक्रार अगदी खरी असते. पण नवा डॅक त्यावर उपाय ठरेलच असं नाही. घुमणारा आवाज बहुधा ग्राउंड लूपचा असतो. दोन यंत्रं दोन वाटांनी जमिनीला जोडलेली असतात आणि त्या कड्यातून विजेच्या ५० किंवा ६० हर्ट्झचा प्रवाह फिरतो. चिरचिर यूएसबीच्या तारेतून येते, कारण तिच्यातून आकड्यांबरोबर वीज आणि जमीनही येते.

ओळखायची युक्ती सोपी आहे. लॅपटॉपचा चार्जर काढून ऐका. आवाज थांबला तर दोष जोडणीचा आहे. पेटीला ऑप्टिकल इनपुट असेल तर ती वापरा, कारण काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या तंतूतून प्रकाश जातो, वीज जात नाही, आणि कडं तिथेच तुटतं. नाहीतर यूएसबी आयसोलेटर, म्हणजे दोन बाजूंची वीज आणि जमीन वेगळी ठेवणारा तुकडा, लावा. हे सगळं करून झाल्यावरही आवाज राहिला, तरच पेटीकडे बोट दाखवावं.

जिटरची भीती मात्र आता सोडून द्यावी. आकडे येण्याच्या वेळेतली अनियमितता म्हणजे जिटर. आजच्या बहुतेक यूएसबी डॅकमध्ये ताल डॅकचं स्वतःचं घड्याळ धरतं आणि संगणकाला त्याच्या मागणीप्रमाणे आकडे पाठवावे लागतात. महागड्या यूएसबी केबलने आकडे ‘अधिक चांगले’ होत नाहीत.

कानांची परीक्षा

एकदा जुनी आणि नवी पेटी मी शेजारी ठेवून ऐकत होतो. नवी स्पष्टपणे सरस वाटत होती. मधले सूर जवळ आल्यासारखे वाटत होते, पियानोची पट्टी सोडल्यावर विरत जाणारा नाद अधिक लांबवर पोचत होता. मग मल्टिमीटर लावला. नवी पेटी ०.८ डेसिबलने मोठी वाजत होती, व्होल्टेजमध्ये जवळपास १० टक्के. एवढा फरक ‘मोठा’ म्हणून जाणवत नाही, ‘चांगला’ म्हणून जाणवतो. आपल्या कानाची घडणच अशी आहे. आवाज वाढला की खर्ज आणि वरचे सूर अधिक भरून आल्यासारखे वाटतात. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये याचे आलेख काढले होते.

मी दोन्ही पातळ्या जुळवल्या आणि कोणती पेटी वाजतेय हे न सांगता मित्राला अदलाबदल करायला सांगितलं. १६ वेळा ऐकलं, ९ वेळा बरोबर ओळखलं. नुसत्या अंदाजानेही सरासरी ८ आले असते. त्या संध्याकाळी आधी मला जे ऐकू आलं होतं ते मनापासून ऐकू आलं होतं, त्यात दिखावा नव्हता. म्हणूनच ही परीक्षा मला इतकी मोलाची वाटते.

तुम्हीही करून पाहा. १०० हर्ट्झच्या आसपासचा एक सूर वाजवा, कारण स्वस्त मीटर वरच्या सुरांवर नीट मोजत नाहीत. हेडफोन जोडलेला असतानाच व्होल्टेज मोजा. दोन्ही पेट्या १ टक्क्याच्या आत जुळवा, म्हणजे फरक ०.१ डेसिबलच्या आत येतो. मग न पाहता ओळखा. अंदाजाने १६ पैकी १२ किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता ४ टक्क्यांहून कमी असते, म्हणून १२ आले तर फरक आहे असं धरून चाला आणि त्याचं कारण शोधा. सापडतं.

हाय-रेझ, म्हणजे सीडीहून जास्त सॅम्पल रेट किंवा बिट असलेल्या फाइलींबद्दलही अशा परीक्षा झाल्या आहेत. ब्रॅड मेयर आणि डेव्हिड मोरन यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, हाय-रेझ आवाज मध्येच सीडीच्या दर्जावर उतरवला तर ओळखू येतो का, हे तपासलं. ५५४ प्रयत्नांत २७६ उत्तरं बरोबर आली, म्हणजे निम्मीच. जोशुआ रीस यांनी २०१६ मध्ये अनेक प्रयोग एकत्र तपासले, तेव्हा प्रमाण ५२ टक्क्यांच्या थोडं वर निघालं आणि सराव दिलेल्या श्रोत्यांत ते ६० च्या पुढे गेलं. फरक असलाच तर तो या मापाचा आहे. त्यासाठी डॅक बदलावा असं मला वाटत नाही. हाय-रेझ गाण्यांच्या एमक्यूए या फाइल-स्वरूपाच्या चिन्हासाठी तर नाहीच. ते बनवणारी कंपनी २०२३ मध्ये आर्थिक अडचणीत सापडली आणि टायडल या गाण्यांच्या सेवेने २०२४ मध्ये ते स्वरूप सोडलं.

एक दोष मात्र आहे त्या यंत्रावर आजच दुरुस्त करता येतो. हल्लीची बरीच गाणी इतक्या चढ्या पातळीवर मास्टर केलेली (शेवटचा हात फिरवून तयार केलेली) असतात, की मोजलेले बिंदू कमाल मर्यादेला टेकतात. वर आपण पाहिलं, की बिंदूंमधून एक गुळगुळीत लहर जाते. ती दोन बिंदूंच्या मध्ये मर्यादेच्या वरही जाऊ शकते. डॅकमध्ये तेवढी मोकळी जागा नसेल तर लहरीचा माथा कापला जातो. प्लेअरमधला आवाज ३ ते ४ डेसिबलने खाली घ्या आणि पेटीची खुंटी तेवढी वर करा. डॅकला २४ बिट पाठवत असाल तर यात ऐकू येण्याजोगं काही हरवत नाही.

आणि हेडफोनचे पॅड पाहा. झिजून चपटे झालेले पॅड कानाभोवती नीट बसत नाहीत, खर्ज निसटतो आणि आवाजाचा तोल काही डेसिबलने बदलतो. दोन चांगल्या डॅकमध्ये एवढा फरक कधीच नसतो.

मग पेटी बदलावी कधी? मी बदलली, तेव्हा कारण आवाजाच्या खुंटीत होतं. जुन्या पेटीतली खुंटी साध्या पोटेन्शिओमीटरची, म्हणजे फिरवून कमीजास्त होणाऱ्या रेझिस्टरची होती आणि अगदी खालच्या पातळीवर तिच्या दोन बाजू जुळत नव्हत्या. रात्री हळू आवाजात ऐकताना गाणाऱ्याचा आवाज मधोमध न राहता डाव्या कानाकडे सरकायचा. जरा मोठं केलं की तो मध्ये यायचा, पण मग रात्रीचं ऐकणं राहायचं नाही. नव्या पेटीत खुंटी डिजिटल आहे आणि संवेदनशील इअरफोनसाठी कमी गेनचं, म्हणजे आवाज कमी वाढवण्याचं बटणही आहे. मोठ्या आवाजात, पातळी जुळवून ऐकलं तर दोन्ही पेट्या मला आजही वेगळ्या सांगता येत नाहीत. पण रात्री अकरानंतर, खुंटी जेमतेम उघडलेली असताना, गाणारा आता मधोमध बसलेला असतो.